आधी पाहा, मग सोडा: मित्रकीटकांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत एक तक्रार वारंवार दिसली. मित्रकीटक आणून सोडले, पण म्हणावा तसा गुण आला नाही. बहुतेक ठिकाणी दोष कीटकाचा नसतो. सोडायची वेळ चुकलेली असते, सोडल्यावर फवारणी झालेली असते, नाहीतर जो कीटक शेतात आधीपासून होता तोच पुन्हा विकत आणलेला असतो. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: गावठाणालगतच्या पडीक जागेत गाजरगवत माजलंय. दोन वर्षांपूर्वी मेक्सिकन भुंगे सोडले. पावसाळ्यात पानांची चाळण झाली, पण दिवाळीनंतर पुन्हा सगळीकडे पांढरी फुलं. भुंगे मेले का? टाकळा पेरल्याने गाजरगवत हटतं असं ऐकलं, ते खरं का? (वाचक, जि. अहिल्यानगर)

भुंगे मेलेले नाहीत, मातीत आहेत. झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा पावसाळ्याचा प्राणी. जूनचे चांगले पाऊस झाले की जमिनीतून वर येतो आणि पानांच्या खालच्या बाजूला पिवळसर अंडी घालतो. अळ्या आधी शेंडा खातात, त्यामुळे झाड फुलावर येत नाही, आणि खरा फायदा तोच. मोठी झालेली अळी मातीत जाऊन कोष करते. अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. थंडीची चाहूल लागली की बहुतेक भुंगे जमिनीच्या वरच्या थरात शिरतात आणि पुढच्या पावसापर्यंत काही खात नाहीत. गाजरगवताला अशी विश्रांती लागत नाही. ओल मिळाली की ते कोणत्याही महिन्यात उगवतं. दिवाळीनंतर तुम्हाला दिसलं ते परतीच्या पावसावर उगवलेलं नवं गवत आहे, आणि त्या वेळी ते खाणारं कोणी जागं नसतं.

तुमच्या जागेत भुंगे टिकले आहेत का, हे आधी तपासा. जुलैत झाडांच्या शेंड्यांवर पाहा: मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी उभ्या रेघा, लांबी सुमारे सहा मिलिमीटर. दिसले तर पुन्हा आणू नका. नसतील तर जिथे भरपूर आहेत तिथून आणा. झाडाखाली उलटी छत्री धरून फांद्या झटकल्या की भराभर गोळा होतात. झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत गाजरगवताच्या चार डहाळ्या घालून त्याच दिवशी पोचवा. एका जागी किमान ५०० ते १,००० सोडा. तेवढेच भुंगे दहा ठिकाणी पन्नास-शंभर करून वाटले तर नर-माद्यांची गाठ पडत नाही आणि वसाहत बसत नाही.

दोन चुका फार होतात. पहिली, जुलै-ऑगस्टमध्ये श्रमदान करून सगळं गाजरगवत उपटतात आणि भुंग्याचं अन्नच संपवतात. ज्या पट्ट्यात भुंगे बसले आहेत तो पट्टा सप्टेंबरअखेरपर्यंत राखा, बाकीचं खुशाल उपटा. दुसरी, उन्हाळ्यात त्याच जागेवर जेसीबी फिरवतात. तेव्हा मातीत झोपलेले भुंगे तुडवले जातात किंवा वर येऊन उन्हाने मरतात.

हा भुंगा सूर्यफूल खातो, अशी भीती अजून ऐकू येते. १९८३ साली तो मेक्सिकोतून बंगळुरूला आणला, चाचण्यांनंतर १९८४ मध्ये सोडला. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर तो कुरतडताना दिसला आणि मोठा गदारोळ झाला. तपासणीत आढळलं की शेजारच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडतात आणि त्या वासाने तो तिथे तोंड लावतो. सूर्यफुलावर त्याची वसाहत टिकत नाही. तरीही बांधावर गाजरगवत फुलू दिलं नाही तर हा प्रश्नच उरत नाही.

आता टाकळा, म्हणजे विदर्भातला तरोटा. हो, फरक पडतो. गाजरगवताचं रोप पहिले काही आठवडे जमिनीला चिकटून, पानं पसरून बसतं. त्या काळात त्याच्यावर सावली धरली की ते तिथेच खुरटतं. टाकळा पहिल्या पावसाबरोबर दाट उगवतो आणि नेमकी तीच सावली धरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेंगा तपकिरी होऊन तडकायच्या आत काढा, सुकवून बी ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये त्या जागेवर फेका. टाकळ्याच्या बियांचं टरफल कठीण असतं, नुसतं फेकलेलं बी पहिल्या वर्षी विरळ उगवतं आणि लोक निराश होतात. फेकण्याआधी जाड वाळूत घालून तळहातांनी किंवा पोत्यात टाकून चोळा, टरफलावर ओरखडे पडले पाहिजेत. पेरण्यापूर्वी जागेवरचं उभं गाजरगवत काढलेलं हवं, कारण उंच वाढलेल्या झाडावर टाकळा मात करू शकत नाही. सलग दोन पावसाळे बी टाका, पुढे तो आपला आपण पडतो.

गायरानात मात्र टाकळा पसरवू नका. हिरवा टाकळा जनावरं खात नाहीत, म्हणजे एक निरुपयोगी झाड काढून दुसरं लावल्यासारखं होईल. तिथे मारवेल गवत किंवा स्टायलो लावा आणि पहिलं वर्ष चराई बंद ठेवा.

टाकळाही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाळतो. म्हणजे भुंगा आणि टाकळा दोघंही एकाच वेळी रजेवर जातात. हिवाळ्यातली ही फट माणसालाच भरावी लागते. माती ओलसर असताना, फुलं येण्याआधी, मुळासकट उपटा. एका झाडाला हजारो बिया धरतात. उघड्या हाताने उपटू नका, त्वचेला होणारी ॲलर्जी एकदा जडली की वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही. हातमोजे, लांब बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच. फुलावर आलेली झाडं शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, बी खतातून थेट शेतात जातं.

प्रश्न: उसाच्या पानांखाली लोकरी मावा दिसतोय. डायफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे कीटक कुठून तरी मिळवून सोडावेत की फवारणी करावी? (वाचक, जि. कोल्हापूर)

दोन्ही करण्याआधी पानं उलटून पाहा. २००२ साली सांगली जिल्ह्यात हा मावा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उसळला आणि पश्चिम महाराष्ट्र, उत्तर कर्नाटकात पसरला, तेव्हा शेतकऱ्यांना त्याचे शत्रू ओळखता येत नव्हते. आज ते या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी मुक्कामाला आहेत. डायफाची अळी, जिला जुनी मंडळी कोनोबाथ्रा म्हणतात, हिरवट-करडी असते. पानाच्या मध्यशिरेलगत रेशमी जाळं विणून ती त्याच्याखाली माव्याच्या वसाहतीत बसते. त्या जाळ्याला माव्याची पांढरी लोकर चिकटलेली असल्यामुळे वरवर पाहणाऱ्याला ती दिसतच नाही. बोटाने लोकर बाजूला करा. मायक्रोमसची अळी लहान, तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळती असते आणि चपळ चालते.

माव्याच्या पाच-सहा पानांपैकी दोन-तीनांवर यांतलं कोणी सापडलं तर फवारणी करू नका. नसेल तर हेक्टरी डायफाच्या १,००० अळ्या किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडा. शेजाऱ्याच्या शेतात डायफा भरपूर असेल तर विकत घ्यायची गरज नाही. अळ्या आणि कोष असलेली पानं वीतभर लांबीचे तुकडे करून कापा आणि तुमच्या उसात माव्याच्या वसाहतीशेजारी पानाच्या खालच्या बाजूला टाचणीने किंवा स्टेपलरने लावा. वरच्या बाजूला लावले तर ऊन लागून तुकडा वाळतो आणि अळी बाहेर यायच्या आत मरते. काम संध्याकाळी करा.

मग थांबावं लागतं. मावा आधी वाढतो, शत्रू त्याच्यामागून दोन-तीन आठवड्यांनी. या मधल्या दिवसांत पानांवर काळी बुरशी चढलेली पाहून धीर सुटतो आणि लोक फवारा काढतात. डोक्यावर गेलेल्या उसात औषध पानांखाली नीट पोचत नाही. जाळ्यातले भक्षक तेवढे मरतात, उरलेला मावा मोकळा सुटतो. नत्राचा उशिरा दिलेला जादा हप्ता मावा वाढवतो, तो टाळा. माव्याची पानं आणि वाढे चाऱ्यासाठी दुसऱ्या गावी नेऊ नका.

प्रश्न: द्राक्षबागेत मिलीबगसाठी (पिठ्या ढेकूण) क्रिप्टोलीमस भुंगे सोडले. तीन आठवड्यांनी पाहतो तर खोडावर आणखी मोठे पांढरे मिलीबग. पैसे वाया गेले का? (वाचक, जि. नाशिक)

फवारणी केली नसेल तर नाही. तुम्ही पाहिलेले ‘मोठे मिलीबग’ बहुधा क्रिप्टोलीमसच्याच अळ्या आहेत. ही गल्लत इतकी होते की सोडलेले भुंगे मालकच मारून टाकतो.

अळीच्या अंगावर मेणाचे पांढरे लांब झुपके असतात, त्यामुळे ती मिलीबगसारखीच दिसते. फरक असा: मिलीबगची मादी तीनेक मिलिमीटरची आणि जवळजवळ एका जागी बसलेली. क्रिप्टोलीमसची पूर्ण वाढलेली अळी एक सेंटिमीटरहून मोठी, झुपके राठ आणि विस्कटलेले, आणि काडीने डिवचलं की भराभर चालायला लागते. मिलीबग काडीवर चिरडला तर गुलाबी द्रव निघतो. शंका असेल तर दोन-चार अळ्या बाटलीत घालून मिलीबगसकट ठेवा, दुसऱ्या दिवशी बाटलीत कोण उरलं ते पाहा. प्रौढ भुंगा चार मिलिमीटरचा, काळपट, डोकं आणि मागचं टोक नारिंगी.

हा भुंगा मूळचा ऑस्ट्रेलियातला, भारतात १८९८ मध्ये आणला गेला. मादी मिलीबगच्या कापसासारख्या अंडपुंजात आपली अंडी घालते. म्हणून बागेत मिलीबग अगदीच तुरळक असताना सोडला तर तो अंडी न घालता उडून जातो, आणि घडांत कीड शिरल्यावर सोडला तर उशीर झालेला असतो. काढणीला महिना राहिला असताना घडातला चिकटा कोणताही भुंगा धुऊन काढणार नाही. खोडावर, ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या फांद्यांवर) वसाहती दिसू लागतात ती खरी वेळ.

हेक्टरी ५,००० भुंगे, म्हणजे एकरी सुमारे २,०००, अशी शिफारस आहे. ते बागभर सारखे वाटू नका. मिलीबग असलेल्या वेलींना रिबिन बांधून ठेवा आणि त्या वेलींवर दहा-दहा सोडा. भुंगे आल्या दिवशीच, ऊन उतरल्यावर, डबा खोडाच्या बेचक्यात उघडा धरून सोडा. डबा गाडीच्या डिकीत दुपारभर राहिला तर अर्धे तिथेच जातात.

मुंग्यांचा बंदोबस्त आधी हवा. मिलीबगच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात, भुंग्याला चावून हाकलतात. खोडाला चिकट पट्टी बांधणं पुरेसं नाही, कारण मुंग्या मांडवाच्या अँगलवरून, तारांवरून, लोंबणाऱ्या ठिबकच्या नळीवरून चढतात. पट्टी अँगललाही लावा. जमिनीला टेकलेल्या काड्या कापा. चिकट पदार्थ थेट सालीला न लावता आधी पॉलिथिनची पट्टी गुंडाळा, त्यावर लावा. धूळ बसली की पट्टीचा चिकटपणा जातो, दर पंधरवड्याला पाहा.

सोडण्याआधी दोन-तीन आठवडे आणि नंतर किमान महिनाभर सिंथेटिक पायरेथ्रॉइड, क्लोरपायरीफॉस अशी व्यापक मारा करणारी कीटकनाशकं बंद. थ्रिप्ससाठी काही मारावंच लागलं तर भुंगे सोडलेल्या ओळी वगळा. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात भुंगा सुस्तावतो, त्या काळात हिशोब मांडू नका. आणि खोडाची मोकळी साल काढताना आतल्या बाजूला पांढऱ्या झुपक्यांचे कोष दिसले तर ती साल जाळू नका, बागेतच मिलीबग असलेल्या वेलीखाली ठेवा.

प्रश्न: सोयाबीनचे कोंब शंखी गोगलगाय रातोरात फस्त करते. दुसरी गोगलगाय खाणारी शिकारी गोगलगाय परदेशात वापरतात म्हणे. ती आपल्याकडे का आणत नाहीत? (वाचक, जि. लातूर)

कारण जिथे आणली तिथे अनर्थ झाला. शिकारी गोगलगाय युग्लँडिना रोझिया मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली. आफ्रिकन गोगलगाय, म्हणजे तुमच्या शेतातली शंखी, खाईल म्हणून ती १९५५ मध्ये हवाईत आणि १९७७ मध्ये पॅसिफिकमधल्या मोरेया बेटावर सोडली. तिने मोठी, जाड शंखाची आफ्रिकन गोगलगाय सोडून बेटावरच्या लहान स्थानिक पार्टुला गोगलगाई खायला सुरुवात केली. दहाएक वर्षांत मोरेयाच्या रानातून पार्टुला संपल्या, आफ्रिकन गोगलगाय राहिली. आपलं मुंगूसही असंच परदेशी गेलं. १८७२ मध्ये कोलकात्याहून नऊ मुंगसं उसातल्या उंदरांसाठी जमैकाला नेली, तिथली पिल्लावळ १८८३ मध्ये हवाईत पोचली. मुंगूस दिवसा हिंडतं, उंदीर रात्री. तिथे ते जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या मुळावर आलं. काहीही समोर आलं तरी खाणारा शिकारी कधीच आणू नये. क्रिप्टोलीमस किंवा गाजरगवताचा भुंगा चालतो, कारण त्यांचं खाणं ठरलेलं आहे आणि ते सोडण्याआधी तपासलेलं असतं. परदेशी सजीव आणायला केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांचा परवाना लागतो, तो नियम याच अनुभवांमुळे आहे.

२०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगाईने सोयाबीनच्या दुबार पेरण्या करायला लावल्या. तिच्यावर सोडता येईल असा खात्रीचा मित्रजीव आज आपल्याकडे नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. बांधावरचा भारद्वाज गोगलगाई खातो. त्याच्यासाठी बांधाची झुडपं राखा, पण त्यावर पीक वाचवायची भिस्त ठेवू नका.

उपाय हाताचाच आहे. पहिल्या पावसानंतर लगेच, पेरणीच्या आधी, सूर्यास्तानंतर गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट बांधाकडेने दर सात-आठ मीटरवर टाका. पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगाई वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. हातमोजे घाला, तिच्या अंगात माणसाला बाधणारा कृमी असू शकतो. मीठ शेतात टाकू नका. बांधालगत चुन्याची चार-पाच इंच रुंद पट्टी ओढा, पाऊस पडला की ती धुऊन जाते, पुन्हा ओढावी लागते. मातीत मोहरीपेक्षा मोठी, पिवळसर पांढरी अंडी पुंजक्याने सापडतात, ती चिरडा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या एकरी २ किलो वापरतात, पण त्या कुत्रे आणि पक्ष्यांनाही मारतात. ज्या बांधावर भारद्वाज हवा आहे तिथे त्या फेकू नका. एकट्याने केलं तर शेजारच्या शेतातून पुन्हा येतात, सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात करा.

प्रश्न: हरभऱ्याच्या मर रोगासाठी ट्रायकोडर्मा लावला, फरक दिसला नाही. कितपत विश्वास ठेवावा? (वाचक, जि. अमरावती)

ट्रायकोडर्मा, म्हणजे मातीतली उपयोगी बुरशी, मुळाभोवतीची जागा आणि अन्न आधी बळकावतो, रोगाच्या बुरशीला बूड टेकू देत नाही. म्हणून तो आधी पोचला तरच उपयोग. मर दिसल्यावर आळवणी केली तर फार थोडं हाती लागतं. बियाण्याला किलोला ५ ग्रॅम चोळून सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पाकिटावरची तारीख पाहा आणि ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत बीजाणू असल्याचं लिहिलेलं आहे का ते पाहा. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळा काढलेलं पाकीट घेऊ नका. बियाण्याला आधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेलं असेल तर ट्रायकोडर्मा त्यानेच मरतो, बहुधा तुमच्याकडे हेच झालं असावं. जमिनीतून द्यायचा तर एक किलो ट्रायकोडर्मा पन्नासेक किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर ठेवून सावलीत दहा-पंधरा दिवस झाकून ठेवा, मग सरीत टाका. कोरड्या मातीत काही उगवत नाही.

प्रश्न: घराच्या विहिरीत आणि मागच्या चिऱ्याच्या खाणीत साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत. गप्पी मासे सोडावेत की गॅम्बुशिया? (वाचक, फोंडा, गोवा)

गॅम्बुशिया नको. तो १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला. अळ्या भरपूर खातो, पण बेडकांची अंडी आणि स्थानिक माशांची पिल्लंही खातो. गप्पीही बाहेरचाच, पश्चिम घाटाच्या ओढ्यांत तो पसरतोय. त्यामुळे तुमची विहीर आणि खाण यांचं उत्तर वेगवेगळं आहे.

विहीर बंदिस्त आहे, तिथे गप्पी चालेल. पाण्याच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५ ते १० मासे, त्यांत माद्या जास्त. मोठी मादी दिवसाला ८० ते १०० अळ्या खाते. पिशवी विहिरीच्या पाण्यात अर्धा तास तरंगत ठेवा, थोडं थोडं विहिरीचं पाणी आत घ्या, मग सोडा. ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर आठवडाभर थांबा. शेवाळ आणि पालापाचोळा काढा, त्याच्याआड अळ्या लपतात. माशांना पोळीचे तुकडे, तांदूळ घालू नका, पोट भरलेला मासा अळ्या शोधत नाही.

खाण पावसाळ्यात भरून ओहोळाला मिळत असेल तर तिथे गप्पी सोडू नका. तिथे स्थानिक ॲप्लोकायलस जातीचा मासा वापरा. पाण्याच्या अगदी वरच्या थरात पोहणारा, वरून पाहिलं की डोक्यावर चांदीसारखा ठिपका चमकणारा हा छोटा मासा तुमच्याच भागातल्या तळ्यांत, शेतांच्या चरांत मिळतो. पणजीत १९९०च्या दशकात मलेरियाच्या डासाविरुद्ध ॲप्लोकायलस ब्लोकी हा मासा आणि बीटीआय हे जैविक अळीनाशक यांचे प्रयोग झाले होते. जवळच्याच पाण्यातून आणा, म्हणजे तगतो. अळ्यांची संख्या फार असेल तर आधी बीटीआय टाका, माशांना त्याचा अपाय नाही, आणि आठवड्याने मासे सोडा. गच्चीवरची पिंपं, कुंड्यांखालच्या बशा यांना मासे लागत नाहीत. त्या दर आठवड्याला रिकाम्या करून आतून घासा आणि सुकू द्या, कारण डेंगीच्या डासाची अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि पाणी नुसतं ओतून दिल्याने निघत नाहीत.